सुक्या बोंबलाचा वास

सोमवारी डोक्यात जी तिडीक गेलीय ती अजून उतरलेली नाही, म्हणून लिहितेय.

बोईसरला आमच्या कंपनीच्या कॅन्टीनच्या दारावर मॅनेजर साहेबांची नोटीस लागली. ‘उग्र वासाचे पदार्थ डब्यात आणू नयेत.’ नाव कुणाचंच नव्हतं, पण रोख सगळ्यांना कळला. लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करणारी ज्योत्स्ना सातपाटीच्या कोळीवाड्यातली आहे आणि तिच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असते.

अहो, आमची कंपनी केमिकलची! एमआयडीसीच्या नाक्यावर रिक्षा वळली की नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो... मी घरी गेले की माझी मुलगी आधी आंघोळ करायला लावते, मग जवळ येते. तो वास साहेबांना चालतो आणि बोंबील चालत नाही.

आणि हेच साहेब गेल्या महिन्यात ‘आपण एक कुटुंब’ नावाचं सेशन घेत होते. आम्हाला गोल उभं करून एकमेकांचे हात धरायला लावले होते!

ज्योत्स्नाने मुकाट डबा उचलला आणि मागच्या गेटजवळ बदामाच्या झाडाखाली जाऊन बसली. मी मागोमाग गेले तर डोळे भरलेले. “आमच्या जेवनाची पन यांना अडचन हाय. मी राजीनामाच देते... नाय करायची हितं नोकरी.”

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा माझी सगळी सॅम्पल्स हिने सांभाळली होती, वर रोज ‘आई जेवली का’ म्हणून फोन. नोकरी काय, माझी गेली तर वापीलाही मिळेल. दुसरी ज्योत्स्ना कुठून आणू?

तडक साहेबांकडे गेले. ते हसले. “पर्सनली घेऊ नका. स्टोअरचे मिश्राजी प्युअर व्हेज आहेत, त्यांचा विचार नको का करायला?”

म्हणजे तक्रार मिश्राजींची... मला त्यांचाही संताप आला.

मंगळवारी आम्ही दोघी झाडाखाली डबे उघडतोय, तर समोरून मिश्राजी. आता यांना चांगलं सुनावायचं, असं मी ठरवलंच होतं. त्यांनी शांतपणे गमछा अंथरला, आपला डबा ठेवला आणि ज्योत्स्नाला म्हणाले, “बू तो आती है हमको, झूठ नहीं बोलूँगा. पर शिकायत हमने कभी नहीं की. आपको बाहर बिठाके हमारे गले से रोटी नहीं उतरेगी.”



ज्योत्स्ना डोळे पुसत सरकली. “मिश्राजी, तुमी हिकडं बसा. वारा तिकडून हाय, वास नाय येनार.”

राजीनाम्याचं नाव तिने परत काढलेलं नाही. आता लॅबचे बाकीचेही बाहेरच येतात, बदामाखाली जागा पुरत नाही. नोटीस अजून दारावर आहे आणि माझा रागही आहे तसाच आहे.

पण सकाळी कामावर जावंसं वाटतं ते या माणसांमुळे... आणि साहेब, यांना कुणी गोल उभं केलं नव्हतं.