दारावरचा दुसरा कॅमेरा

माझ्या स्मरणशक्तीचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकते. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं काढली. कुठल्या फायलीवर कोणी काय शेरा मारलाय, हे मी कपाट न उघडता सांगत असे. हाताखालचे लोक मला घाबरत आणि मला ते आवडायचं. विसरणाऱ्या माणसांची मला दया यायची नाही, राग यायचा. म्हणून मागच्या एप्रिलमध्ये आमच्या घराचं दार संध्याकाळी उघडं सापडायला लागलं, तेव्हा दोष कोणाचा याचा निकाल मी पहिल्याच दिवशी देऊन टाकला. आई विसरायला लागली होती.

घरात आम्ही दोघीच. गाझियाबादला, अकराव्या मजल्यावर. मी लग्न केलं नाही, वडील जाऊन नऊ वर्षं झाली, धाकटा भाऊ नाशिकला असतो. आई एकोणऐंशीची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, पण पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवणारी. तिला विचारलं, "दार तू उघडलंस?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "असेन. लक्षात नाही." मला तेवढा पुरावा पुरला.

संशयाला कारणही होतं. दिवेलागणीला दार लावू नये, लक्ष्मी येते आणि बंद दार बघून परत जाते, हे मी आईकडूनच ऐकत मोठी झाले. दिल्लीत मुनिरक्याच्या जवळ सरकारी वसाहतीत तळमजल्याचं घर होतं आमचं. संध्याकाळी आई दार सताड उघडायची, तुळशीपाशी दिवा लावायची, आणि साधारण त्याच सुमाराला वडिलांच्या ऑफिसची चार्टर्ड बस कोपऱ्यावर थांबायची. मी उंबऱ्यात उभी असायची. आई लक्ष्मीसाठी दार उघडायची, मी बाबांसाठी. गाझियाबादला आल्यावर तिनेच ती रीत सोडली होती. "इथे लक्ष्मीच्या आधी कोण शिरेल सांगता येत नाही," म्हणाली होती. आता जुनं काहीतरी डोक्यात परत आलं असणार, असं मी धरून चालले.

मग एका संध्याकाळी मी आतल्या खोलीतून बाहेर आले तर दिवाणखान्यात एक अनोळखी माणूस उभा. हातात पार्सल. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, आपने ही तो कहा अंदर आ जाओ." मी त्याला असं काही झापलं की तो पार्सल टेबलावर टाकून पळाला. आई दारापाशी उभी होती.  दाराला वर एक जादा कडी लावून घेतली मी, आईचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. चार दिवसांनी दार पुन्हा उघडं. आई स्टुलावर चढत असणार, असं मी भावाला फोनवर सांगितलं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांनी ती स्टुलावर कशी चढेल, हे मला सुचलं नाही. भाऊ म्हणाला, "ताई, मग तिला इकडे पाठव. एकटी दिवसभर असते, काही झालं म्हणजे?" मी म्हटलं, आधी खात्री करते. खात्री करायला कॅमेरा घ्यायचा ठरला.

मी काही सरळ दुकानात जाऊन उचलून आणणाऱ्यातली नाही. ऑफिसात बसून रीतसर तक्ता केला. दारावरच्या बेलचा कॅमेरा, बाहेर लावायचा लांबोडका, आत ठेवायचा गोल, फिरणारा. अंधारात कोणाला दिसतं, आवाज कोण टिपतो, रेकॉर्डिंग फोनवर येतं की आतल्या कार्डावर राहतं. शनिवारी बाजारात गेले. दुकानदार म्हातारा, शांत. माझा तक्ता त्याने चष्मा वर करून वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "पहले ये बताइए मैडम, बाहर वाले को देखना है या अंदर वाले को?"

मी म्हटलं, अंदर वाले को. ते म्हणताना मला थोडी लाज वाटली, हे खरं.

"घर में कितने लोग हैं?"

"मैं और मेरी माँ."

"अच्छा," तो म्हणाला, आणि गोल कॅमेरा काढून त्याने काचेवर ठेवला. त्या दुकानात भिंतीवर दहाबारा पडदे होते आणि सगळ्यांत आम्हीच दिसत होतो, निरनिराळ्या बाजूंनी. एका पडद्यावर माझी पाठ होती. माझी पाठ मी आयुष्यात तेव्हाच नीट बघितली. खांदे पडलेली कुणी बाई वाटली, ओळखीची नाही. पुढचं मला एवढंच आठवतं की मी पिशवी घेऊन रिक्षात बसले.

सोमवारी सकाळी, मी ऑफिसला निघण्याआधी, माणूस येऊन बसवून गेला. गोल कॅमेरा शोकेसवर, आईच्या नजरेच्या उंचीला. तो गेल्यावर आईने काय करावं? देवघरातून करंडा आणला आणि कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा त्याला वाहिलं होतं, मिक्सरला वाहिलं होतं, पहिल्या कॉम्प्युटरला तर वडिलांनी नारळही फोडला होता. मी हसून म्हटलं, "आई, तो तुझ्यावर नजर ठेवायला आणलाय."

"ठेवू दे की," आई म्हणाली. "आपल्या घरात आलाय तर आपलाच."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी आदल्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग फोनवर उघडलं. पावणेसातला मी घरी येते, चहा होतो, मी आत पाठ टेकायला जाते. आई पेपर घेऊन बसते. सात वाजून दहा मिनिटांनी ती उठते, कॅमेऱ्याकडे येते, तिचा चेहरा मोठा होत जातो, मग बोट येतं, आणि सगळा पडदा लाल. ओलं कुंकू काचेवर फासलेलं. पंधरा मिनिटं नुसता लाल रंग. मग फडकं फिरतं, आणि आई पुन्हा पेपर वाचत बसलेली.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच, त्याच वेळेला. मी विचारलं तर म्हणाली, "नवी वस्तू आहे."

"रोज नवी?"

"मला नाही लक्षात राहत गं," ती म्हणाली आणि कोडं सोडवायला लागली.

चित्र लाल असलं तरी आवाज होता. ऑफिसात कानात इयरफोन घालून ऐकला. ऐकायला नको होता असं वाटलं. आधी पंख्याची घरघर. मग चपलेचा आवाज, पण एकाच पायातल्या. एक पाऊल वाजायचं, एक नाही. मग वरची कडी सरकली. दार उघडलं, लिफ्टचा आवाज आत आला. मग बराच वेळ काही नाही. मग आई, अगदी हळू, "चल. आत चल. येतील." आणि तिला उत्तर देणारा दुसरा एक आवाज. बारीक, लाडिक, लहान मुलीसारखा. शब्द कळत नव्हते. शेजारच्यांचा टीव्ही असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण शेजारच्या घराला तीन महिने कुलूप होतं.

घरात कोणीतरी येतं आणि आई त्याला लपवते. दुसरा अर्थ लागत नव्हता. की येत कोणीच नाही आणि आई हवेशी बोलते? यातलं कुठलं बरं, तेही ठरवता येईना. घरी जायला मला भीती वाटू लागली. लिफ्टमधून बाहेर पडताना मी दाराकडे आधी बघायची. त्या आठवड्यात मी भावाला सांगितलं की तिकीट काढ, तिला तिथल्या डॉक्टरांना दाखव, मला हे झेपत नाही. आईला सांगितलं तेव्हा ती देवाची भांडी घासत होती. तिने हात थांबवला.

"मला नको पाठवू," ती म्हणाली. "निदान हे वर्ष तरी राहू दे."

आईने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. तरी मी म्हटलं, "आई, दार उघडं टाकतेस. कोणाशी तरी बोलतेस. मी ऐकलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल, पण ती तांब्या पुसायला लागली.

जायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, कॅमेऱ्यातून नीट दिसेनासं झालं म्हणून त्या माणसाला परत बोलावलं. काचेच्या कडेला कुंकू सुकून बसलं होतं. त्याने ते खरवडलं, आणि सहज म्हणाला, "तब तक दूसरे वाले में देख लेतीं मैडम."

"कौन सा दूसरा?"

त्याने बोट वर केलं. दाराच्या वर, माळ्याच्या कोपऱ्यात, काळ्या बटणाएवढा कॅमेरा. मी म्हटलं, हा मी घेतलेला नाही. तो बिचारा गोंधळला. त्याने फोनमधला एक फोटो शोधून दाखवला, काम झाल्यावर घेतात त्या पावतीचा. दोन कॅमेरे. खाली माझी सही, ठसठशीत, रेषेवर. "आप ही ने तो बोला था, एक ऊपर भी लगा दो जहाँ माँ जी का हाथ ना जाए." मी आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. स्टुलाशिवाय तिचा हात तिथे पोचत नव्हता, म्हणून तेवढा एक कॅमेरा तिच्या हातून सुटला होता.

त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आतल्या कार्डावर होतं. तो माणूस ते माझ्या लॅपटॉपमध्ये घालून देऊन गेला. मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बघायला बसले.

वरून दिसतं सगळं. आईचा पांढरा भांग, दिवाणखाना, शोकेस. सात वाजून चौदा मिनिटांनी आतल्या खोलीतून एक बाई येते. केस मोकळे, एका पायात चप्पल. खांदे पडलेले. ती सरळ दाराशी येते, हात उंच करून वरची कडी काढते, सहज, रोजची सवय असल्यासारखी. दार उघडते आणि उंबऱ्यात उभी राहते. चेहरा वर, कॅमेऱ्याखाली. डोळे उघडे आहेत, पण ते कशावरच नाहीत. तोंडावर हसू आहे, आणि ते हसू मला आमच्या जुन्या फोटोंतून माहीत आहे. मी सात वर्षांची असतानाचं.

"बस आली का?" ती विचारते. त्याच बारीक आवाजात.

आई मागे उभी असते, दोन्ही हात पुढे धरून, पोर चालायला शिकताना धरतात तसे. "येतेय," ती म्हणते. "तू आत चल. येतील."

पाच संध्याकाळची रेकॉर्डिंग होती. पाचही बघितली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्या आईला देत होते, आणि संन्यासीण बाई गप्प बसून फास गळ्यात घालून घेत होती. नंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्याला एक नाव आहे, मेंदूतली वीज काही मिनिटं बिघडते म्हणे, गोळ्या आहेत, कमी होईल असं सांगतात. ती सगळी नंतरची गोष्ट. त्या शनिवारी मला फक्त भीती वाटत होती, आणि तीसुद्धा माझीच. आपल्या घरात रोज येणारी ती बाई कुठून येते आणि मी तेव्हा कुठे असते, हे मला अजूनही सांगता येत नाही.

बाहेर आले तेव्हा आई सोफ्यावर होती. नाशिकची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पाडव्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय? तुला तुझ्या डोक्याचा केवढा अभिमान. म्हटलं, विसरायचं वय माझं आहे, माझ्यावर खपून जाईल." ती बॅगेकडे बघत होती. "कुंकू त्यासाठीच लावत होते. नाहीतर तू ऑफिसात बसून बघशील आणि घाबरशील. एकटी असशील तिथे."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. दोन्ही झालं नाही. मी तिच्याजवळ बसले आणि रडले, बऱ्याच वर्षांनी. तिने पाठीवरून हात फिरवला.

"नाशिकला पाठवायचं असेल तर जाईन मी," ती म्हणाली. "तो चांगला मुलगा आहे, सून चांगली आहे. पण मग तुझं दार कोण लावणार?"

 भावाला फोन करायला मी मोबाइल उचलला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आई गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.