सोजराबाईची खिरापत

पिंपळगाव राजात भुलाबाईचे दिवस आले की सोजराबाईच्या अंगणाला नाटकाच्या मांडवाची कळा यायची. गल्लीतल्या पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत आणि शेवटी त्या त्या घरची बाई झाकलेला डबा हलवून विचारी, आत काय? आवाजावरून खिरापत ओळखायची, मगच खायची. इतर बायका दोन-चार चुकांनंतर विरघळत. सोजराबाई विरघळत नसे. एकदा पोरी रडत घरी गेल्या, डबाभर करंज्या तिनं एकटीनं संपवल्या आणि आजारी पडली, पण ओळखल्याशिवाय पोरींपुढे झाकण उघडलं नाही.

त्या साली तिच्या शेजारी मालवणकडचं बिऱ्हाड आलं. नवरा मुक्कामाच्या एसटीवर ड्रायव्हर, मुलगी शेवंती तिसरीत. महाराष्ट्र एक होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण गल्लीतल्या पोरींना ते कोणी कळवलं नव्हतं. शेवंती 'आहे'ऐवजी 'आसा' म्हणाली की गल्लीतलीच, तिच्या वर्गातली कोकिळा तिची हुबेहूब नक्कल करी आणि वर्ग हसे. मासे खाणाऱ्यांची म्हणून तिच्याजवळ कोणी बसेना. शेवंती आधी भांडली, मग रडली, मग बोलायचीच थांबली. घरीसुद्धा. रोज सकाळी तिचं पोट दुखे. आईनं जंताचं औषध दिलं, दर्ग्यातल्या अब्दुल गनींकडून ताईत आणला, मीठमोहऱ्या ओवाळल्या.

"रविवारी दुखते का वं पोट?" सोजराबाईनं भिंतीवरून विचारलं.

"रविवारी नाही दुखत," आई म्हणाली.

"मंग जंत काय रविवारी सुट्टीवर जातात? पोरगी घाबरून राह्यली शाळेले. तिले गावाकडचं काय आवडते ते सांग मले."

शेवंतीला जत्रेतलं खाजं आवडायचं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आलं घातलेला गुळाचा पाक. आई कृती सांगू लागली. सोजराबाई अर्ध्यावरच "समजलं, समजलं" म्हणत चुलीकडे गेली.

संध्याकाळी गाणी संपली. सोजराबाईनं डबा छातीशी धरून फर्मावलं, "शेवंती आल्याबिगर डबा हलनार नाई."

कोकिळा तोंड वाकडं करून गेली आणि शेवंतीला हाताला धरून घेऊन आली. डबा हलला. आतून असा आवाज आला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली.

"शेव?" "नाई." "शंकरपाळे?" "नाई." "सुपाऱ्या?" "नाई." "काकू, खिळे आहेत काय वं?"

अंधार पडला. पोरींच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी कोकिळाच शेवंतीकडे वळली. "तू तरी सांग नं वं. तुयासाठीच थांबवलं आमाले."

शेवंती खाली मान घालून उभी. सोजराबाईनं मनात हिशेब केला: पोरगी आज बोलली नाही तर उद्या पुन्हा पोट धरून निजणार. मग तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. कोणी न ओळखताच झाकण काढलं.

शेवंतीनं आत पाहिलं. काळ्या कांड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. तिला काही उमजेना. एक कांडी तोडून तिनं दाताखाली धरली. कट् आवाज झाला. आल्याची चव जिभेवर आली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"ह्यां खाजां न्हय," ती म्हणाली. "दगड आसत. कोणी केल्यान ह्यां?"

भिंतीपलीकडे आईच्या हातातलं भांडं पडलं. सवयीनं कोकिळाचं तोंड नकलेसाठी उघडलं. सोजराबाईनं तेवढ्यात त्यात एक कांडी कोंबली. कोकिळानं चावून पाहिली, गाल धरला आणि म्हणाली, "खरंच दगड आसत."

या वेळी सगळ्या हसल्या त्या सोजराबाईला. शेवंतीही हसली. मग तिनं सोजराबाईला चुलीपुढे बसवलं आणि पाक किती चिकट व्हायला हवा ते बोटांत धरून दाखवत, तिच्या "समजलं, समजलं"वर रागावत, तिच्याकडून खाजं पुन्हा करून घेतलं.

कोकिळाच्या नकला लगेच थांबल्या नाहीत. पण सोमवारी तिनं 'आसा' म्हणताच शेवंतीनं सोजराबाईची नक्कल केली, हात कमरेवर ठेवून, "समजलं, समजलं!" वर्ग लोळला. त्या सकाळी तिचं पोट दुखलं नव्हतं.

"मी मुद्दाम बिघडवलं होतं," सोजराबाई पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली. तिच्या दाढेचा एक तुकडा त्याच दिवशी चव पाहताना पडला होता, तो विषय मात्र ती काढत नसे.