आत्याची हरकत

विलासचा फोन आला. "ताई, आई गेली," म्हणाला आणि पुढच्याच दमात, "तुज्याकडं तिचा बरा फोटो हाय का? फ्लेक्सला पायजे." मी पारगावहून येडगावला पोचेपर्यंत फ्लेक्स लागलाही होता. एका कोपऱ्यात माझी हौसाआत्या, जेमतेम ओळखू येईल एवढी. आणि मधोमध तिचा एकुलता एक मुलगा विलास, गॉगल लावून शोकाकुल. जो कित्येक वर्षं आईचा उंबरा चढला नव्हता, त्याचा शोक मोठा असणारच म्हणा…

भांडण बंदुकीवरून होतं. आत्याचे यजमान, आमचे मामा, यांच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता. नव्वदच्या दशकात ती बाराबोअरची बंदूक ओसरीवर खुंटीला टांगलेली असे. रानडुकरं तिला भ्यायल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पाहुणे भ्यायचे, आणि बहुधा तेवढ्यासाठीच ती होती. निवडणूक लागली की मामा ती ठाण्यात जमा करून येत आणि निकाल लागेपर्यंत मिशी उतरवल्यासारखे गावात वावरत. मामांपर्यंत सगळं हसण्यावारी न्यावं असंच होतं. मग भावकीतल्या एका वरातीत विलासनं ती बाहेर काढली. बार आभाळात काढायचा होता म्हणे. एवढं मोठं आभाळ, पण त्याला काही ते सापडलं नाही. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा डोळा गेला. ठाण्यात लिहिलं गेलं, फटाका उडाला. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी एकामागून एक सांगितलं, फटाकाच. शेवटी तो क्लॅरिनेटवालाही फटाकाच म्हणाला; त्याला दुसरं काय म्हणू देणार होते! आत्या तेव्हा वरातीतल्या बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला कुणी विचारलंच नाही.

पुढं मामा वारले, बंदूक ठाण्यात जमा झाली आणि विलासला ती आपल्या नावावर हवी झाली. सरकारी चौकशीत तो सच्छील निघाला. एवढं अवाढव्य सरकार, पण विलास त्याला ओळखता आला नाही. फक्त दुसऱ्या वारसाचं ना-हरकत तेवढं हवं होतं, आणि दुसरा वारस म्हणजे आत्या. आत्यानं हरकत घेतली. सगळ्या तालुक्यात बंदुकीवर निर्बंध असे काय ते तेवढेच होते, आणि ते लसूण निवडत ओसरीवर बसलेले असायचे.

तोवर उसात बिबटे आले होते. ती भीती खरी होती, तिची चेष्टा मी करणार नाही. मेंढरं जात होती, माणसंही गेली. दिवस कलला की आम्ही पोरांना हाताला धरून घरात ओढायचो. पण बिबट्यावर गोळी झाडली तर तुरुंगात जावं लागतं, हे विलासलाही पाठ होतं. तरी भावकी आत्याच्या ओसरीवर यायची, तिचाच चहा प्यायची आणि तिलाच स्वातंत्र्य शिकवायची.

"काकू, आपल्या घराची राखण करायचा आपला हक्क हाय का न्हाई? सरकार कोण अडवणारं?"

"सरकार कुठं अडवतंय? मी अडवतीय."

"अवं, पर उद्या बिबट्या दारात आला तर?"

"आला तर बघू. वरातीत बार काढणारा बिबट्या अजून न्हाई बघितला मी."

चहाचे कप तसेच टाकून मंडळी उठायची. विलास मात्र एक दिवस कायमचाच उठला. सही नाही तर आईही नाही, म्हणाला आणि बायकोमुलांना घेऊन आळेफाट्याला राहायला गेला. नातवंडं तुटली. नंतर एकदा मी गेले तेव्हा आत्या माझ्यासमोर ढसाढसा रडली. "पोरी, त्याच्याबिगर घास उतरत न्हाई गं. पर सही केली आन उद्या आनिक कुणाचा डोळा गेला, तर त्यो माज्या हातानं गेल्यावानी व्हईल." लोक हिला हट्टी म्हातारी म्हणत. म्हणोत. इतका महाग हट्ट परवडणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

दहाव्याला घाटावर पुढारी रांगेनं श्रद्धांजली वाहत होते. एकानं तर सांगून टाकलं की मातोश्रींनी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही. भाषणं संपली, पण कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर नुसता बसून राहिला. विलासनं हात जोडले. "आये, तुज्या नावानं गावाला कमान बांधीन." कावळा जागचा हलला नाही. "दरसाल कीर्तन ठेवीन… शाळंत वह्या वाटीन…" शेवटी त्याचे म्हातारे चुलते पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "इलास, बंदूक नको म्हन. येवढं म्हन, बाबा."

कावळ्यावर माझा विश्वास नाही. गर्दीला बुजला असेल, नाहीतर पोट भरलेलं असेल. पण विलासचा विश्वास होता, आणि तरी ते एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. त्यानं खाली बघितलं, मग घड्याळाकडे. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा. लोकांना ऊन लागतंय."

मागच्या आठवड्यात आत्याच्या घरी गेले होते. दार उघडंच होतं. तिची लुगडी बोचक्यात बांधून पडवीत टाकलेली, आणि तिच्या खोलीत एक सुतार भिंतीचं माप घेत होता. विलासशेटनी बंदुकीसाठी काचेचं कपाट सांगितलंय, म्हणाला. परवाना येईलच आता, कुणाची हरकत राहिली नाही. आत खोबरेल तेलाचा आणि लसणाचा वास तसाच होता. मी बोचकं उचलून परत आत नेलं, तिच्या बाजेवर ठेवलं आणि शेजारी बसले.

सुतार खोळंबला. "ताई, खोली मोकळी झाली ना?"

"न्हाई," मी म्हटलं.