इमरती अम्माचा पाय

"पैर काटना पड़ेगा," डॉक्टर मंगलकडे बघून म्हणाले. पाय मंगलचा नव्हता, त्याच्या आईचा होता, आणि ती समोरच स्टुलावर बसली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं ते पायापुरतं.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते ते. आम्ही जबलपूरला, रांझीत लष्करी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारच्या क्वार्टरमध्ये मंगल आणि त्याची आई, इमरती अम्मा. कुंडमकडच्या खेड्यातली गोंड माणसं. मंगल आणि आमचे हे एकाच सेक्शनला. लढाईमुळे बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि सुट्ट्या बंद. मंगलची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. त्यामुळे दवाखान्यात अम्माजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. मी काही फार दयाळू बाई नाही. पण आमची भिंत एक होती आणि दुसरं कोणी नव्हतं.

घरात कोणाला शुगर असेल तर हे नीट वाचा. अम्माच्या पायाच्या अंगठ्यावर शेगडीतला निखारा पडला आणि तिला कळलंच नाही. जळका वास आला म्हणून मी धावत गेले, तर ही शांतपणे भाकरी थापत बसलेली. डायबेटिस जुना झाला की न्यूरोपॅथी होते, म्हणजे पायाच्या नसा बधिर होतात. चटका, काटा, ठेच, काहीच समजत नाही. अम्माला डायबेटिस आहे हे तरी कोणाला ठाऊक होतं? मी हळद लावली, तिनं कसलासा पाला बांधला. अंगठा आधी लाल झाला, मग निळा, मग काळा. याला गँगरीन म्हणतात. रक्त न पोचल्यामुळे मांस मरतं आणि ते मरण वर सरकत जातं. असा रंग दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी ॲम्प्युटेशन सांगितलं होतं, म्हणजे गुडघ्याखालून पाय काढून टाकणं. अम्मानं मान हलवली. नाही. मंगलनं हात जोडले, तरी नाही. डॉक्टर म्हणाले, मुलानं सही केली तरी चालेल. मंगल म्हणाला, अम्मा हो म्हणेपर्यंत मी सही करणार नाही. एवढं बोलून तो पाळीला निघून गेला, कारण उशीर झाला तर गेट बंद व्हायचं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. सिस्टर रोज काळ्या कातडीच्या कडेनं पेननं रेघ ओढायची. सकाळी बघावं तर काळं त्या रेघेच्या पुढे गेलेलं असायचं. दवाखान्यात पोचल्याबरोबर मी आधी चादर उचलून तेच बघायची. माझा जीव सारखा टांगणीला. वॉर्डच्या खिडक्यांना ब्लॅकआउटसाठी काळा कागद चिकटवलेला, दिवसासुद्धा अंधारलेलं. सायरनची तालीम झाली की चालते-फिरते पेशंट खाटेखाली शिरायचे. अम्मा खाटेवरच पडून राहायची आणि मी तिच्या उशाशी बसायची.

राउंडला डॉक्टर यायचे, तिच्या डोक्यावरून एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. एक तरुण डॉक्टर मला म्हणाला, ही जंगलातली माणसं, त्यात वय झालेलं, यांना समजावणार कोण? ते ऐकून माझं डोकं फिरलं. पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. भीती असेल, गावाकडच्या गुनियानं, म्हणजे झाडपाल्याच्या वैदूनं, काही डोक्यात भरवलं असेल, असंच मी धरून चालले होते.

रेघ घोट्याच्या वर गेली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या नाही तर मग नकोच. विष अंगात पसरतं, त्याला सेप्टिसीमिया म्हणतात, त्यानंतर पाय कापूनही उपयोग नसतो. ते गेल्यावर मी अम्मावर भडकले. म्हटलं, तुम्हाला मरायचंच आहे का? काहून नाही म्हणता, एकदा सांगून तरी टाका. हे सगळं मी मराठीतच बोलून गेले. माझं मराठी ती भिंतीपलीकडून रोज ऐकायची, तिला समजलं.

तिनं चांगल्या पायावरून लुगडं वर सारलं. घोट्यापासून पोटरीपर्यंत गोंदण. ठिपक्यांच्या ओळी, त्रिकोण, त्यांच्यामध्ये बारीक रेघा. आजारी पायावरही तसंच.

"काट लें, बाई. मैंने कब मना किया? पर काटके फेंकेंगे कहाँ?"

मी स्टूल ओढून जवळ बसले. मग तीच हळूहळू सांगू लागली. गोदना तिच्या आईनं तिच्या लग्नाआधी काढवला होता, ती तेव्हा दिवसभर रडली होती. चांदीचे दागिने इथेच राहतात, गोदना मेल्यावर सोबत जातो. तिच्या घरात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. अर्धी दवाखान्याच्या भट्टीत आणि अर्धी गावच्या मातीत, असं तिला जायचं नव्हतं. पाय गावी नेऊन पुरणार असाल तर उद्या काय, आत्ता कापा, म्हणाली.

इतक्या दिवसांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा विचारलं ते रागाच्या भरात.

मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत घुसले. ते ऐकून घेताना चष्मा पुसत राहिले. म्हणाले, कापलेला भाग आमच्याकडे जाळतात. घरचं माणूस ऑपरेशनच्या वेळी हजर असेल तर त्याच्या हाती देऊ, पण ठेवून घेता येणार नाही. मग ते स्वतः उठून अम्माजवळ आले आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलले. तिनं कागदावर हाताचा अंगठा उठवला.

आता मंगलला सोडवायचं कसं? घरी येऊन मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. "काहून नाही सोडत त्याला? लढाई काय तो एकटाच लढून राहिला का?" हे पाळीला गेल्यावर फोरमनसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेब नागपूरकडचे, कडक. सुट्टी फक्त घरात कोणी गेलं तरच. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" हे म्हणाले, "कोणी नाही गेलं साहेब. पाय जाणार आहे. त्याच्या मातीला जायचंय."

साहेबांना आधी थट्टा वाटली. सगळं ऐकल्यावर ते कपाळाला हात लावून बसले आणि म्हणाले, बघतो. हो पण नाही, नाही पण नाही. ह्यांनी घरी येऊन तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अम्माला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मंगलचा पत्ता नव्हता. तिनं माझा हात धरला. "मंगल आया?" मी म्हटलं, येऊन राहिला. येतोय की नाही ते मला कुठे माहीत होतं.

ऑपरेशन थिएटरचं दार लागलं आणि मी दारासमोरच बसले. कोणी बादली घेऊन बाहेर पडलं तर अडवायचं, एवढंच डोक्यात. अम्मा जगेल का याची काळजी, मंगल येईल का याची काळजी, आणि दोन्हींच्या वर ही बादलीची. शेवटी सफाईवाला झाकलेलं घमेलं घेऊन बाहेर आला. मी त्याच्या वाटेत उभी राहिले. तो बिचारा गोंधळला, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. मागून सिस्टर आली. तिनं डॉक्टरांना विचारलं, मेणकापडात गुंडाळलं आणि म्हणाली, घरचं माणूस कोण? मी म्हटलं, मी.

मी नेलेल्या कोऱ्या पांढऱ्या धोतरात ते पुन्हा गुंडाळलं आणि बाकावर बसून मांडीवर घेतलं. तान्ह्या मुलाएवढं ओझं. शेजारी बसलेली बाई वाकून, हसून म्हणाली, "लड़का है कि लड़की?"  मी पदर ओढून घेतला आणि रडले.

मंगल आला तो फॅक्टरीच्या कपड्यांतच, धापा टाकत; साहेबांनी ऐनवेळी सोडलं होतं. मी त्याच्या हातात गाठोडं दिलं. त्यानं ते कपाळाला लावलं आणि कुंडमची बस पकडायला गेला.

अम्मा शुद्धीवर आली तेव्हा तिला मळमळत होतं, जखम ठणकत होती. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गेला घेऊन. तिनं डोळे मिटले. त्यानंतर ती बरीच वर्षं कुबडीवर घरभर फिरली, नातवंडं सांभाळली, आणि गेली तेव्हा गावीच पुरली, पाय पुरला त्याच जागेशेजारी.

आता शुगर मला आहे. डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त धुणं, सुरू करायचं का ते चाललंय. मुलगा आणि डॉक्टर समोरासमोर बसून ठरवतात, मी मधल्या खुर्चीत. तुमच्याही घरात असं चालत असेल तर थांबवा. आणि म्हातारे तुम्हीच असाल तर तोंड उघडा. गेल्या वेळी मी उघडलं. म्हटलं, डॉक्टरसाब, मरीज मैं हूँ. ते गडबडले. मग खरंच माझ्याकडे वळून म्हणाले, "माताजी, आप क्या चाहती हैं?"

 म्हटलं, पेन बाजूला ठेवा, थोडा वेळ लागेल.