मारोतरावांना कोंडून ठेवलं तेव्हा

"चालायला तुमीच लावलं म्याडम. आता चालत चालत हरवला माणूस. काहून ऐकायचं तुमचं?"

बालाजी उपकेंद्राच्या दारात उभा राहून बोलत होता. बीपी तपासायला आलेली माणसं माना वळवून माझ्याकडे बघत होती.

मी कळमनुरी तालुक्यातल्या या गावात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. बीपी-शुगर बघायची, गोळ्या द्यायच्या आणि म्हाताऱ्या माणसांना सांगायचं, चाला, चार माणसांत बसा, तंबाखू सोडा. बालाजीचे वडील मारोतराव हे माझं नेहमीचं उदाहरण. सुपारीचंही व्यसन नाही, सकाळी फेरी, संध्याकाळी भजन. "त्यांच्यासारखं राहा, म्हातारपणी डोकं शाबूत राहील," असं मी बैठकीत सांगायचे.

तेच मारोतराव फेरीला निघाले आणि वारंगा फाट्यावर एका टपरीसमोर सापडले. स्वतःचं गाव सांगता येईना. नांदेडच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. म्हणजे नुसता विसराळूपणा नाही. मेंदूच्या आजारानं रोजची कामंही हळूहळू जमेनाशी होतात.

तेव्हापासून बालाजीनं त्यांना खोलीत कोंडलं होतं. ते दिवसभर दार वाजवत. बालाजीची आई, गयाबाई, बाहेर बसून राहायची. "ऐकवत न्हाई ओ," ती मला म्हणाली. सकाळी फिरणारी बाकीची माणसंही घरी बसली.

माझं कामात लक्ष लागेना. मीटिंगला गेले तेव्हा मेडिकल ऑफिसरांना गाठलं.

"सर, सवयींनी काही होत नाही का मग?"

"होतं. धोका कमी होतो, संपत नाही. हळदीचं बेणं औषधात बुडवून लावलं तरी एखादा कंद सडतोच ना? आणि हे साठीनंतर सुरू करायचं काम नाही. चाळिशीतलं बीपी, शुगर, तंबाखू बघा. मुलगा केवढा आहे?"

परत येताना एसटीत तोच प्रश्न डोक्यात फिरत होता. बालाजी चाळिशीतलाच होता. उतरले ती थेट बालाजीच्या घरी. आतून दार वाजतच होतं.

"कुलूप काढा. कोंडल्यानं आजार थांबत नाही, तगमग वाढते. कुणीतरी सोबत जा, पण त्यांना चालू द्या."

बालाजीनं गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. मग हळूच म्हणाला, "आज्याचं बी असंच झालतं म्याडम. मला बी होईल का?"

म्हणजे इतके दिवस तो रागावला नव्हता. घाबरला होता.

"ते कुणालाच सांगता येणार नाही. हात पुढं करा." मी पिशवीतून बीपीचं मशीन काढलं.

बीपी इतकं निघालं की मी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून पुन्हा बघितलं. तिथंही तेवढंच निघालं.

"तकलीफ तर काहीच न्हाई," तो म्हणाला.

"नसतेच. म्हणून तर तपासायचं."

कुलूप निघालं. मारोतराव आता गळ्यात फोन नंबरचं कार्ड घालून गयाबाईसोबत फिरतात. कधी कधी तिलाच विचारतात, "बाई, तुमी कोणाच्या?" ते बरे होणार नाहीत. बालाजी गोळी घेतो. खर्रा कमी केलाय म्हणतो, माझा विश्वास नाही.

मात्र उपकेंद्रात चाळिशीतली माणसं दिसायला लागली. माझं बोलणं पटलं म्हणून नव्हे, मारोतरावांना बघून. माणूस समजून आला की भिऊन, ते बीपीच्या मशीनला कळत नाही. मीही विचारत नाही.