तिरडीवर जाऊन आलेला कोट

स्टाफरूममध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, ते डस्टरच्या धुळीसारखे आपोआप बसतात. तेलंगणात, बाजारहत्नूरकडच्या आमच्या मराठी शाळेत मी गणित शिकवते, पण मधल्या सुट्टीत माझा आवडता विषय म्हणजे भोयर सर. आणि भोयर सर म्हटलं की त्यांचा कोट आलाच!

निळा, लोकरीचा, तीन बटनांचा. सरांची नोकरीची ऑर्डर आली, तेव्हा त्यांच्या आईने कापूस वेचून आलेल्या पैशातून शिवून घेतलेला. "लेक सायेब दिसला पायजे," एवढंच त्या टेलरला म्हणाल्या होत्या. तेव्हापासून शाळेत सरांना कोटाबाहेर कुणी पाहिलंच नाही.

एकदा भर एप्रिलात मंडळाचे, म्हणजे आमच्या तालुक्याचे, शिक्षणाधिकारी आले. घामाने निथळत होते बिचारे. सरांकडे पाहून त्यांनी तेलुगूत विचारलं, "एवढ्या उन्हात कोट?"

"काढला तर थंडी वाजते सार!"

साहेबांनी घाईघाईने पंखा बंद करायला लावला.

*

आमचे सायन्सचे कांबळे सर शॉर्टफिल्मवेडे. त्यांनी कोटावरच स्क्रिप्ट लिहिली. हिरोचा कोटावर एवढा जीव, की बायको सोडून जाते, नोकरी जाते, आणि शेवटी भर पावसात छत्री कोटावर धरून तो स्वतः भिजतो अन् न्यूमोनियाने मरतो! हिरो कोण, हे सांगायला नकोच.

भोयर सरांनी स्क्रिप्ट वाचली, रुमालाने डोळे पुसले आणि विचारलं, "कोट वाचते ना पन शेवटी?"

"वाचतो. पण सर, ही ब्लॅक कॉमेडी आहे!"

"अस्सं? मले तर फॅमिली पिक्चर वाटला!"

*

एका सीनसाठी आम्ही बसने बासरला निघालो. क्रीज मोडू नये म्हणून सरांनी खिडकीजवळच्या सीटवर कोट बसवला आणि स्वतः शेजारी बसले. आमच्याकडे बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. कंडक्टर आला.

"ये सीट किसका है?"

"कोट का."

कंडक्टरने कोट खालीवर न्याहाळला. "लेडीज रहता तो फ्री था. जेंट्स है, पूरा टिकट लगेगा!"

सरांनी फुल तिकीट काढलं, आणि ते कोटाच्याच खिशात ठेवलं.

*

मग आला मरणाचा सीन. कांबळे सरांच्या शेतात खरीखुरी तिरडी बांधली. भोयर सर कोट घालून, डोळे मिटून झकास आडवे झाले. मी थोडी रडले, दोघांनी हार घातला. कुणीतरी गुलालाची मूठ भरली मात्र...

"ए, कोटावर गुलाल नोको बाप्पा!" मुडदा ओरडला.

"कट! सर, तुम्ही मेलेले आहात!"

"मी मेलो ना, कोट थोडीच मेला!"

*

ही बातमी आमच्या आधी सरांच्या घरी पोचली. सर घरी गेले तर आई दारात उभ्या. तिरडीवर चढलेला कपडा घरात येत नाही, हा इकडचा रिवाज.

"माय, मी बी तिरडीवरच होतो ना!"

"मंग तू बी बाहीर!"

शेवटी अंगणात बसवून त्यांनी लेकाला डोक्यावरून आंघोळ घातली, कडुलिंबाचा पाला चावायला लावला. स्वतःच्याच मयतीला जाऊन आलेला माणूस असा पवित्र होऊन आत गेला. राहिला कोट.

"त्याले बी धू," आई म्हणाल्या.

"पान्यात टाकला तर आटते, माय. त्याले ड्रायक्लीन लागते."

"बिना पान्याचं धुनं कायचं? राहू दे मंग बाहीर!"

*

कोट स्टाफरूमच्या खुंटीवर राहायला आला. सर सकाळी घालायचे, संध्याकाळी टांगून निघायचे. आदिलाबादची थंडी सुरू झाली, तरी घरी जाताना नुसता शर्ट. हसत होतो आम्ही, पण वाईटही वाटत होतं. ज्या आईने कोट शिवून दिला, तीच त्याला घरात घेईना.

"आणि माय रोज रात्री काय विचारते?" सर एकदा मला म्हणाले. "'कोट बरा हाये ना रे?' जसा काई होस्टेलले ठुला हाये!"

*

फिल्म रविवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात दाखवायची ठरली. कडाक्याची थंडी, अख्खं गाव गोळा झालेलं. मी स्टाफरूममधून खुर्च्या काढत होते, तर खुंटी रिकामी! धावत बाहेर आले. भोयर सर हाफ शर्टात कुडकुडत येत होते.

"सर, कोट कुठंय?"

सर नुसते बाजूला झाले. मागून त्यांच्या आई आल्या. नऊवारीवर निळा कोट, तिन्ही बटनं लावलेली, खांद्यापासून मनगटापर्यंत मापात!

"मावशी, हा तोच?" कांबळे सरांनी विचारलं.

"तोच तं! काल यानं सोताच बकेटीत बुडवला. डोये भरून आले होते त्याचे. म्हने, माय, आता तरी घरी घे." त्यांनी बटनांवरून हात फिरवला. "लय आटला. मले फिट झाला!"

आई पहिल्या रांगेत बसल्या, भोयर सर शेजारी. फिल्म सुरू झाली. पडद्यावर सर तिरडीवर आडवे झाले, आणि आईंनी डोळे पुसायला हात वर नेला.

"माय," अंधारातून सरांचा आवाज आला, "बाहीनं नोको पुसू, डाग पडते!"