चौथा गिअर

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि त्या अर्ध्या गावाला कधी ना कधी रडवलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या दुसऱ्या ब्रेकवरून मास्तरांचा पाय कधी हलला नाही, आणि तोंड कधी मिटलं नाही. शिकणाऱ्याने क्लच जरा जोरात दाबला की त्यांचं पित्त खवळलंच. "अहो, क्लच आहे तो, झुरळ नाही. आपटताय काय असा पाय?" कौतुक म्हणाल तर जास्तीत जास्त एवढंच, की शेवटच्या दिवशी, अगदी मनासारखी गाडी चालवली, तर मोकळ्या रस्त्यावर ते म्हणायचे, "चौथा टाका." चौथा गिअर ते सहजासहजी कुणाला टाकू देत नसत. ज्यांना ते शब्द ऐकायला मिळाले, ते लायसन्सपेक्षा त्याचीच गोष्ट जास्त सांगायचे.

रडून आलेल्यांना सावरायचं काम काकूंचं. काकू म्हणजे मास्तरांची बायको, स्कूलचं ऑफिस त्याच सांभाळत. एक टेबल, फोन, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि खिडकीपाशी एक खुर्ची, खास रडणाऱ्यांसाठी. "अहो, माझ्यावर ओरडले तेव्हा मी भर चौकात गाडी सोडून चालत घरी आले होते," असं काकू सांगायच्या आणि समोरचं माणूस डोळे पुसता पुसता हसायचं.

गोष्ट खरीच होती. लग्न नवं होतं. चौकात गाडी बंद पडली, मास्तर ओरडले, काकू उतरल्या, दार आपटलं आणि तडक घरी आल्या. त्यानंतर मास्तरांनी शिकवायचं नाव काढलं नाही आणि काकूंनी शिकायचं. दोघांनीही तो राग चांगली भांडी ठेवावीत तसा जपून वर ठेवला. मास्तर मात्र तीच गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हसत हसत सांगायचे, आणि ते हसणं काकूंना आतपर्यंत टोचायचं. या माणसाच्या तोंडून आपल्याला एकदा, एकदाच, 'चौथा टाक' ऐकायचंय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

म्हणून त्यांनी शिवणाचा क्लास लावला. म्हणजे घरी सांगताना शिवणाचा. दुपारी पिशवी घेऊन त्या निघायच्या आणि थेट मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायच्या. तिथे एक बाई शिकवायची आणि तिचा आवाज कधी चढत नसे. काकूंना लायसन्स मिळालं, ते त्यांनी सुईदोऱ्याच्या डब्यात तळाशी लपवलं. इतके दिवस क्लास करून घरात साधी उशीची खोळ कशी आली नाही, याचं मास्तरांना नवल वाटायचं. पण गाडीबाहेरच्या जगाकडे त्यांचं लक्ष बेताचंच.

इकडे मास्तरांचं पोट अधूनमधून दुखायला लागलं होतं. तेलकट खाल्लं की हमखास. "पित्त झालंय, दुसरं काही नाही," असं म्हणून ते थंड दूध प्यायचे आणि डॉक्टरचं नाव काढलं की खेकसायचे. एका रविवारी जेवणानंतर मात्र उजव्या बरगडीखालून अशी कळ उठली की ती थेट खांद्यापर्यंत गेली. घाम फुटला. उजेडात बघितलं तर डोळे पिवळे. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसरीकडे गेलेली. काकूंनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"कोण चालवणार?" मास्तर कण्हत म्हणाले.

"मी."

मास्तरांच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. ते शिकवणाऱ्याच्याच जागेवर बसले, आणि सवयीने पाय गेला दुसऱ्या ब्रेकवर. काकू जरा वेग घेतात न घेतात तोच गाडी गचकन थांबायची. मागचे हॉर्न वाजवायला लागले. तोच चौक आला, तेव्हा काकूंनी गाडी कडेला घेतली.

"पाय काढा. नाहीतर मी उतरते. आणि या वेळी मी चालत घरी गेले तर तुमचं काय होईल ते बघा."

मास्तरांनी पाय काढला. म्हणजे वर उचलला आणि तसाच अधांतरी धरला.

"कुणाकडे शिकलीस?"

"मागच्या गल्लीत."

"तरीच. आरशात बघायला शिकवलेलं दिसत नाही."

"बघतेय की. मागचा ट्रकवाला आपल्याला शिव्या देतोय."

हॉस्पिटलात सर्जन आत आली आणि मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हीच ती. रिव्हर्स घेताना कुंपण पाडलं होतं हिने, आणि मग खिडकीपाशी बसून रुमाल भिजवला होता.

"मास्तर, ओळखलंय मी तुम्हाला. उघडा डोळे, मला बघायचेत," ती म्हणाली. मग खाटेवर टेकून तिने समजावलं. "पित्त तयार होतं लिव्हरमध्ये आणि साठतं पित्ताशयाच्या पिशवीत. तुमच्या पिशवीत खडे झालेत. त्यातला एक निसटून पित्तनलिकेच्या तोंडाशी बसलाय. अरुंद बोळ आणि तोंडावरच गाडी बंद. मागे सगळं तुंबलंय, म्हणून डोळे पिवळे. आधी तोंडावाटे दुर्बीण घालून ती गाडी ओढून काढू. मग दोन दिवसांनी पोटाला बारीक भोकं पाडून पिशवीच काढू, म्हणजे पुन्हा कुणी अडकायला नको."

"मी तेव्हा जरा जास्तच बोललो होतो," मास्तर पुटपुटले.

"'हात हलका ठेवा' म्हणून ओरडला होतात. अजून ठेवते."

काकूंनी तिला दाराबाहेर गाठलं. "पिशवी गेली की पित्त खवळायचं थांबेल का हो यांचं?"

"छे. लिव्हर पित्त करतच राहणार. फक्त साठवायची सोय जाईल."

"म्हणजे ओरडतील, पण साठवून ठेवणार नाहीत?"

"त्याची गॅरंटी सर्जन देत नाहीत, काकू."

खडा निघाला, डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागला आणि ऑपरेशनचा दिवस आला. काकू दाराबाहेर बसून होत्या. एवढी वर्षं ज्या आवाजाला त्या वैतागल्या, तो ऐकू येईना म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. नवराच होता तो त्यांचा, आणि त्यांना तो फार हवा होता. अखेर दार उघडलं. स्ट्रेचर बाहेर आलं आणि त्याच्यावरून बारीक आवाज आला, "वळताना मागे बघा जरा."

"पित्त शाबूत आहे," सर्जन म्हणाली आणि तिने काकूंच्या हातात एक बाटली ठेवली. आत वाटाण्याएवढे खडे होते. काकूंनी बाटली वाजवून बघितली आणि त्यांना रडता रडता हसू आलं.

घरी न्यायला काकूच गाडी घेऊन आल्या. पट्टा टाक्यांवर रुतू नये म्हणून त्यांनी मास्तरांच्या पोटावर एक उशी ठेवली. "ही बघा, शिवणक्लासची खोळ."

"दुकानातली आहे," मास्तर म्हणाले. "लेबल तसंच आहे."

गाडी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. चौक आला तशा काकू सावरून बसल्या. आता काहीतरी येणार. काहीच आलं नाही. त्यांनी हळूच बघितलं. मास्तरांचे पाय दाराकडे दुमडलेले होते, चपला निघाल्या होत्या आणि दुसऱ्या ब्रेकवर कोणी नव्हतं. त्या जागेवर बसून कधी डोळ्याला डोळा न लागलेला माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता.

काकूंना इतका आनंद झाला की घराचं वळण आलं तरी त्यांनी स्टिअरिंग वळवलं नाही. गाडी सरळ मोकळ्या रस्त्याला लागली. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"घर मागे गेलं."

"माहितीय."

मास्तरांनी क्षणभर रस्त्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

"मग चौथा टाक," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.